रोज खेळूनही लॉगिनची साखळी का तुटते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचा एक खेळाडू आशियाई सर्व्हरवर एक गेम रोज रात्री खेळतो. २८ दिवस सलग लॉगिन केले की शेवटी मोठे बक्षीस, अशी योजना होती. त्याची साखळी २५ दिवसांवर असताना तुटली आणि पुन्हा १ पासून सुरू झाली. तो विचारतो, ‘मी एकही रात्र चुकवलेली नाही. हा बग आहे का? आणि रीसेट, म्हणजे गेमचा नवा दिवस सुरू होण्याची वेळ, रात्री दीड वाजता ठेवण्यात काय अर्थ आहे?’

मी गेली चौदा वर्षे पुण्यात मोबाइल गेमच्या सर्व्हरवर काम करतो. त्यातली बरीच वर्षे नेमक्या याच कामात गेली: रोजचे बक्षीस कुणाला द्यायचे, कधी द्यायचे आणि एकाच माणसाला दोनदा जाऊ नये म्हणून काय करायचे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल. मधले टाळून शेवटावर गेलात तर पुढच्या महिन्यात पुन्हा इथेच अडखळाल.

बग नाही. तुम्ही खोटेही बोलत नाही आहात. तुम्ही दिलेल्या तीन वेळा एकाखाली एक लिहितो, सगळे त्यांतच आहे:

सोमवार, रात्री ११:०५
मंगळवारची रात्र, १:४५ (घड्याळाने बुधवार)
बुधवार, रात्री ११:१०

आता हेच सर्व्हरच्या नजरेने पाहा. तुमच्या सर्व्हरचा दिवस आपल्याकडच्या रात्री १:३० ला सुरू होतो. म्हणजे त्याचा ‘मंगळवार’ मंगळवार उजाडायच्या आधी रात्री १:३० ला लागला आणि बुधवारी १:३० ला संपला. त्या चोवीस तासांत तुमचे एकही लॉगिन नाही. सोमवारचे ११:०५ हे आदल्या गेम-दिवसात पडले आणि १:४५ हे पुढच्या. उलट ‘बुधवार’ या गेम-दिवसात तुमची दोन लॉगिन आहेत, १:४५ चे आणि ११:१० चे. १:४५ ला कॅलेंडर पहिल्या घरावर परत आले असणार, आणि ११:१० ला ‘आजचे बक्षीस घेतले आहे’ असे दिसले असणार. तुमच्या हिशेबाने तीन रात्री, तीन लॉगिन. सर्व्हरच्या हिशेबाने एक भरलेला दिवस, एक रिकामा आणि एक दुहेरी. पंधरा मिनिटांनी २५ दिवस गेले.

घोडे पेंड खाते ते ‘रोज’ या शब्दात. माणसाचा दिवस झोपेने संपतो. रात्री पावणेदोनला जागा असलेला माणूस अजून मंगळवारातच असतो, घड्याळ काहीही म्हणो. सर्व्हरला झोप ठाऊक नसते, त्याला फक्त एक रेघ ठाऊक असते. ती रेघ कुठे ओढायची हे कुणीतरी एका बैठकीत ठरवलेले असते, आणि त्या बैठकीत नाशिक बहुधा नकाशावर नसते.

आता दीड का, ते सांगतो. आपला दीड म्हणजे यूटीसीचे (जागतिक प्रमाणवेळेचे) आदल्या दिवसाचे २०:००. त्याच क्षणी सिंगापूर, शांघाय, तैपेई, मनिला इथे पहाटेचे ४ वाजलेले असतात आणि टोकियोत ५. म्हणजे हा रीसेट त्या मंडळींसाठी अगदी विचारपूर्वक ठेवलेला आहे. सर्वांत ओळखीचे उदाहरण गेन्शिन इम्पॅक्टचे. त्याच्या प्रत्येक सर्व्हरचा दिवस त्या त्या सर्व्हरच्या पहाटे ४ ला बदलतो. आशियाचे घड्याळ यूटीसीच्या ८ तास पुढे, म्हणून आपल्याकडे १:३०. युरोपचे १ तास पुढे, म्हणून आपल्याकडे सकाळी ८:३०. अमेरिकेचे ५ तास मागे, म्हणून दुपारी २:३०. जपानचा ग्रॅनब्लू फँटसी पहाटे ५ ला दिवस बदलतो. तेही आपल्याकडे १:३०च होते.

मध्यरात्री १२ ऐवजी पहाटे ४ किंवा ५ का, याचे उत्तर जपानी सवयीत फार छान दिसते. तिथे रात्री उशिराच्या टीव्ही कार्यक्रमाची वेळ ‘२५:००’ अशी छापतात, म्हणजे आपला रात्रीचा १. जो अजून जागा आहे त्याच्यासाठी कालचाच दिवस चालू आहे, हे त्यांनी घड्याळातच मान्य करून टाकले आहे. पहाटे ४ ला जवळजवळ कुणीच जागे नसते, म्हणून रेघ तिथे ओढली की ती कुणाच्या अंगावरून जात नाही. आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. आपल्या पंचांगातही वार मध्यरात्री बदलत नाही, सूर्योदयाला बदलतो. घरातली जुनी माणसे रात्री १२ नंतरही ‘आज चतुर्थी आहे’ म्हणतात ते त्याच हिशेबाने. पहाटेचा रीसेट हा शहाणा रीसेट आहे. अडचण एवढीच की तो दुसऱ्याच्या पहाटेला आहे आणि आपल्याकडे पोचेपर्यंत त्याची ऐन रात्र झालेली असते. दुबईत राहणारे मराठी खेळाडू याच आशियाई सर्व्हरवर असतील, तर त्यांचा रीसेट बरोबर रात्री १२ ला पडतो. लंडनवाल्यांचा हिवाळ्यात रात्री ८ ला आणि उन्हाळ्यात ९ ला.

सगळ्या गेमचे असे नसते. पुष्कळ गेम सरळ यूटीसीची मध्यरात्र धरतात, ती आपल्याकडे पहाटे ५:३० ला होते. फोर्टनाइटचे दुकान तेव्हाच पालटते. आपल्यासाठी याहून चांगली वेळ नाही, पंचांगाचा दिवस आणि गेमचा दिवस जवळजवळ एकत्रच लागतो. फायनल फँटसी १४ च्या रूलेट, म्हणजे रोजच्या बक्षिसाच्या फेऱ्या, १५:०० यूटीसीला, म्हणजे जपानच्या मध्यरात्री, नव्या होतात. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे ८:३० वाजलेले असतात. डेस्टिनी २ चा दिवस १७:०० यूटीसीला बदलतो, रात्री १०:३० ला. जेवण करून खेळायला बसणाऱ्यासाठी या दोन्ही वेळा खरे तर सोन्यासारख्या आहेत. ८:१५ ला आजचे काम करा, ८:३५ ला उद्याचे करा, मग दुसऱ्या दिवशी लग्नाला जायचे असेल तर निर्धास्त जा. रेघ आपल्या खेळण्याच्या वेळेच्या मधून जाते याची लोक तक्रार करतात. ती नेमकी कुठून जाते हे ठाऊक असेल तर ती उपयोगाची आहे.

इथे एक सापळा सांगायलाच हवा, कारण अनुभवी खेळाडूसुद्धा यात सापडतात. वर सांगितलेले गेम यूटीसीला किंवा कायमच्या ठरलेल्या फरकाला बांधलेले आहेत, म्हणून आपल्याकडे त्यांची वेळ वर्षभर हलत नाही. पण काही गेम अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या स्थानिक मध्यरात्रीला दिवस बदलतात. तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. आपल्या घड्याळात असे काही घडत नाही, म्हणून आपल्याला रीसेटच हललेला दिसतो: उन्हाळ्यात दुपारी १२:३०, हिवाळ्यात १:३०. आता समजा तुम्ही ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत रोज बरोबर १ वाजता लॉगिन करता. हिवाळ्यात तुमचे १ वाजताचे लॉगिन रीसेटच्या अर्धा तास आधी पडते, म्हणजे तिकडच्या आदल्या तारखेला. मार्चमध्ये घड्याळ हलले त्या रविवारी तुम्ही १ वाजता लॉगिन केले, ते तिकडच्या शनिवारात पडले. सोमवारी १ वाजता केले, ते रीसेटनंतर अर्ध्या तासाने, तिकडच्या सोमवारात. रविवार कोराच राहिला. तुम्ही एक मिनिट इकडे-तिकडे केले नाही आणि साखळी तुटली. नोव्हेंबरमध्ये उलटे होते, एकाच तारखेत दोन लॉगिन पडतात आणि ‘आधीच घेतले आहे’ असा संदेश येतो, पण नुकसान होत नाही. मार्चच्या मध्याला ‘माझी साखळी विनाकारण तुटली’ अशी भारतातून तिकिटे, म्हणजे सपोर्टकडे लिहिलेल्या तक्रारी, आली, की मी पहिल्यांदा दुपारचे १२:३० ते १:३० पाहतो.

मग कुणीही विचारेल, सर्व्हरने प्रत्येकाचा दिवस त्याच्या त्याच्या गावाप्रमाणे का धरू नये? काही जण धरतात. पोकेमॉन गो तुम्ही जिथे आहात तिथल्या मध्यरात्रीला दिवस बदलतो. वर्डलचे नवे कोडे तुमच्या यंत्राच्या मध्यरात्रीला येते, म्हणून न्यूझीलंडच्या लोकांना ते आपल्या कितीतरी आधी मिळते. एकेकट्याने खेळायच्या गोष्टीला ही पद्धत चांगली. पण बक्षिसांना बाजारभाव असेल, संघ असतील, क्रमवारी असेल, तर स्थानिक वेळ म्हणजे डोकेदुखी. जगात सर्वांत पुढचे घड्याळ यूटीसीच्या १४ तास पुढे आहे, किरिबाटीच्या लाइन बेटांवर. हवाई बेटे १० तास मागे. म्हणजे दोन्हीकडे घड्याळात वेळ तीच दिसते आणि तारीख मात्र एका दिवसाने वेगळी असते.

हे मला भूगोलाच्या पुस्तकाने शिकवलेले नाही. मी ज्या गेमवर काम करत होतो त्यात आम्ही वेळक्षेत्र खेळाडूच्या फोनकडून घेत होतो. थोड्याच दिवसांत मुलांना शोध लागला की फोनच्या सेटिंगमध्ये हवाई निवडून बक्षीस घ्यायचे, मग किरिबाटी निवडून ‘उद्याचे’ही घ्यायचे. ही पळवाट बुजवायला आम्ही घाईघाईने नियम केला की दोन बक्षिसांत ठरावीक तास गेलेच पाहिजेत. त्या नियमाने चोर अडले आणि त्यांच्याबरोबर रोज सकाळी दहा-वीस मिनिटे लवकर उठून खेळणारी साधी माणसेही अडली. त्यांना ‘अजून वेळ झाली नाही’ असे दिसे, ती फोन खिशात टाकत आणि विसरत. प्रवाशांचे तर विचारूच नका. सॅन फ्रान्सिस्कोहून हाँगकाँगमार्गे मुंबईला येणारा माणूस सोमवारी रात्री विमानात बसतो आणि उतरतो तेव्हा बुधवार असतो. त्याचा मंगळवार पॅसिफिकवर विरघळला. सामोआत तर अख्ख्या देशाचे असे झाले होते. आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या दुसऱ्या बाजूला जाण्यासाठी त्यांनी २०११ च्या डिसेंबरची ३० तारीख वगळली, २९ नंतर थेट ३१. स्थानिक तारखेवर चालणारी कोणतीही साखळी त्या दिवशी तिथे प्रामाणिक माणसाचीही तुटली असती.

म्हणून शेवटी बहुतेक सर्व्हर एकच साधा हिशेब करतात. १ जानेवारी १९७० पासून यूटीसीने किती सेकंद झाले तो आकडा घ्यायचा, रीसेटच्या वेळेइतका तो सरकवायचा, ८६,४०० ने भागायचा आणि अपूर्णांक टाकून द्यायचा. उरतो तो दिवस-क्रमांक. नमुना पाहा: २०२४ च्या १ जानेवारीची यूटीसी मध्यरात्र म्हणजे १,७०,४०,६७,२०० सेकंद, भागल्यावर बरोबर १९,७२३. तुमच्या नावापुढे ‘शेवटचे बक्षीस १९,७२३’ एवढेच लिहिलेले असते. पुढचे लॉगिन आले की पाहायचे: क्रमांक तोच असेल तर काही देऊ नका, एकने वाढला असेल तर साखळी पुढे, त्याहून जास्त वाढला असेल तर साखळी १. तुमचे २५ दिवस या शेवटच्या वाक्यात गेले. त्या ओळीला दया नसते, पण दया असलेली ओळ लिहिणे अवघडही नसते. त्याकडे येतोच.

त्याआधी दोन गोष्टी, ज्यांच्यामुळे रेघेच्या जवळ जाणे धोक्याचे ठरते. पहिली, सर्व्हर मोजतो ती वेळ तुमची विनंती पोचल्याची, तुम्ही बटण दाबल्याची नव्हे. १:२९:५८ ला दाबले आणि रेंज डळमळीत असल्याने ते १:३०:०१ ला पोचले, तर ते उद्याचे. शिवाय रीसेटच्या ठोक्याला सगळे एकदम धावून येतात, त्यामुळे सर्व्हरला धाप लागण्याची वेळही नेमकी तीच. दुसरी, रीसेट होताना तुम्ही गेमच्या आतच असाल तर प्रत्येक गेम त्याला नवे लॉगिन धरतो असे नाही. काही गेम तुम्हाला बाहेर काढून पुन्हा आत घेतात, काही आपोआप नवे बक्षीस पुढे करतात, आणि काही तसेच चालू राहतात. शंका असेल तर गेम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. आणि बक्षीस ‘दिसले’ म्हणजे ‘घेतले’ असे धरू नका. कित्येक कॅलेंडरांत त्या दिवसाच्या घरावर बोट ठेवावे लागते.

रीसेट आणि ऊर्जा यांचीही गल्लत होते. गेन्शिनमधली ऊर्जा म्हणजे रेझिन, ते दर ८ मिनिटांना १ भरते. त्याला रीसेट नाही, फक्त मर्यादा आहे. २०२४ च्या जूनपर्यंत ती मर्यादा १६० होती, म्हणजे २१ तास २० मिनिटांत टाकी भरायची. दिवसातून एकदाच येणाऱ्याचे थोडे रोज सांडायचेच. मग मर्यादा २०० झाली, आता भरायला २६ तास ४० मिनिटे लागतात. काल संध्याकाळी ७ ला आलात आणि आज ९ ला, तरी थेंब सांडत नाही. या एका बदलाचे मला मनापासून कौतुक वाटते. कुणीतरी तिथे बसून विचार केला असणार की माणूस रोज त्याच मिनिटाला मोकळा होत नाही.

आता मुख्य गोष्ट. दिवस कसा मोजायचा हा तांत्रिक प्रश्न, आणि चुकलेल्या दिवसाची शिक्षा काय, हा माणसांचा प्रश्न. दोन वेगळे आहेत. लॉगिनचे बक्षीस दोन प्रकारे देता येते. एकात सलग दिवस मोजतात, एक चुकला की सगळे गेले. दुसऱ्यात एकूण दिवस मोजतात, या महिन्यात २० दिवस आलात तर विसावे घर तुमचे, मधले कुठले चुकले याची चौकशी नाही. होयोलॅब या गेन्शिनच्याच कंपनीच्या संकेतस्थळावरची रोजची हजेरी या दुसऱ्या प्रकारची आहे. (तिचा दिवस गेमसारखा पहाटे ४ ला बदलत नाही, चीनच्या मध्यरात्रीला बदलतो, म्हणजे आपल्याकडे रात्री ९:३० ला. एकाच कंपनीच्या दोन घड्याळांचा हा घोळ लक्षात ठेवा.)

सलग साखळीची ताकद कुठून येते? कानेमन आणि टव्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडले ते इथे उघड्या डोळ्यांनी दिसते: मिळण्याच्या आनंदापेक्षा तेवढेच गमावण्याचे दुःख माणसाला जास्त लागते. पहिल्या आठवड्यात तुम्ही बक्षिसासाठी येता. तिसऱ्या आठवड्यापासून तुम्ही साखळी तुटू नये म्हणून येता. खेळायचे मन नसले तरी येता. गेम बनवणाऱ्यांच्या तक्त्यावर दोन्ही लॉगिन सारखीच दिसतात, एक हिरवा ठिपका. आणि उलट बाजूने किती साध्या गोष्टीने फरक पडतो ते वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या सुरुवातीच्या चाचणीत दिसले होते. जास्त वेळ खेळले की अनुभवाचे गुण कमी मिळायचे, खेळाडू चिडले. मग तोच हिशेब उलटा मांडला: विश्रांती घेऊन आलात तर काही काळ दुप्पट गुण. तक्रार थांबली. आजही त्या गेममध्ये न खेळलेल्या वेळेचे बक्षीस मिळते. रोजच्या हजेरीलाही हेच करता येते, आणि ते करणारे कमी आहेत याचे मला वाईट वाटते.

माझे मत कसे बनले ते सांगतो. आमच्या सपोर्टला एक तिकीट आले होते. कॉलेजातली मुलगी असावी. लिहिले होते, ‘आजीच्या तेराव्याला कोकणात गेले होते. घरापासून रेंज मिळते त्या वळणापर्यंत जायला वीस मिनिटे लागतात. दोन दिवस तिथे जाऊन आले, तिसऱ्या दिवशी पाहुणे होते. माझे २१२ दिवस परत मिळतील का?’ राग नव्हता, मागणीही अशी नव्हती. मी तो आकडा हाताने परत भरला. पण दोन दिवस ती मुलगी सुतकातल्या घरातून निघून वळणापर्यंत चालत गेली होती, आमच्या साठ नाण्यांसाठी. ते चित्र डोक्यातून जाईना. त्या महिन्यात मी साखळी काढून एकूण दिवसांची मोजणी लावायचा प्रस्ताव दिला. रोज येणाऱ्यांचा आकडा पडेल अशी भीती होती आणि ती रास्त होती. आम्ही बदल केला, आकडा पडला नाही. एका गेमचा अनुभव आहे, नियम म्हणून सांगत नाही. पण रात्री २ ते ४ मधली लॉगिन कमी झाली, आणि मला त्याचेच समाधान जास्त वाटले.

सरकारांच्याही हे लक्षात आले आहे. २०२३ च्या २२ डिसेंबरला चीनच्या नियामकाने एक मसुदा काढला. रोजच्या लॉगिनला, पहिल्या भरण्याला आणि सलग पैसे भरण्याला बक्षीस देण्यावर बंदी, असे त्यात होते. त्याच दिवशी तिथल्या मोठ्या गेम कंपन्यांपैकी टेन्सेंटचा शेअर १२ टक्क्यांच्या आसपास आणि नेटइजचा जवळजवळ पाव भागाने कोसळला. महिनाभरात तो मसुदा संकेतस्थळावरून नाहीसा झाला. रोजच्या हजेरीवर केवढा पैसा उभा आहे, ते त्या एका दिवसात कळले. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या ३० नोव्हेंबरला फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात १३ प्रकार दिले आहेत. खोटी घाई लावणे हा त्यांतला पहिलाच. खरा रीसेट खऱ्या घड्याळाने दाखवणे ही खोटी घाई नव्हे, असे मी मानतो. पण ‘शेवटचे २ तास’ म्हणून दाखवलेला पॅक दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘शेवटचे २ तास’ म्हणून येत असेल, तर तो नक्कीच तिथे बसतो, आणि अशी तक्रार करायला हरकत नाही.

आता तुमच्याकडे परत. आशियाई सर्व्हर, रीसेट १:३०. रात्रीचे खेळणे जसे आहे तसे राहू द्या, पण बक्षीस रात्री घेणे सोडा. सकाळी दात घासून झाले, चहा ठेवला, की गेम उघडा, घरावर बोट ठेवा, बंद करा. सकाळी ८ ला तुम्ही दोन्ही रेघांपासून कमीत कमी साडेसहा तास लांब असता. एखाद्या सकाळी विसरलात तर अख्खा दिवस आणि अर्धी रात्र हातात आहे. रात्रीच घेतले तर चुकल्यावर हातात काहीच नसते. वेळ निवडताना रीसेटपासून जितके लांब आणि तुमच्या ठरलेल्या सवयीला जितके जवळ तितके बरे. आठवड्याची कामे सोमवारी पालटणारा गेम असेल तर तुमची मुदत रविवारी रात्री १२ ला संपत नाही, सोमवारी १:३० ला संपते. पण तीही रविवारी दुपारीच उरका.

फोनचे घड्याळ आपोआपवर ठेवा. सर्व्हरच्या वेळेवर चालणाऱ्या गेमला तुमचे घड्याळ पुढे केल्याने काही मिळत नाही, आणि काही गेम त्याला फसवणूक समजून खाते अडवतात.

घरात शाळकरी मुलगा रात्री दीडपर्यंत जागत असेल, तर पालकांना एक सांगतो, आधी ओरडू नका. ‘तुझ्या गेमचा रीसेट कितीला असतो?’ हे विचारा. बहुतेक वेळा त्याला वाटत असते की नवे बक्षीस १:३० ला आले की लगेच घ्यायला हवे. ते पुढच्या रात्रीच्या १:३० पर्यंत तिथेच असते. त्याला कागदावर ते चोवीस तास आखून दाखवा आणि शाळेतून आल्यावरची पाच मिनिटे ठरवून द्या. मी माझ्या भाच्याला असेच आखून दिले होते, तो कागद अजून त्याच्या टेबलावर चिकटवलेला आहे.

राहिली तुटलेली साखळी. सपोर्टला एकदा जरूर लिहा. ‘तुमचा बग आहे’ असे लिहू नका, त्याला लगेच ठरीव उत्तर येते. खेळाडू क्रमांक, सर्व्हरचे नाव, तिन्ही लॉगिनच्या तारखा आणि वेळा, आणि त्या भारतीय वेळेत आहेत हे स्पष्ट लिहा. मग लिहा की मंगळवारचा दिवस १:३० ला संपला आणि तुम्ही १:४५ ला आलात, म्हणजे पंधरा मिनिटांनी. साखळी परत लावता येईल का, नसेल तर त्या एका दिवसापुरती भरून काढायची सोय आहे का, एवढेच विचारा. समोर बसलेल्या माणसाला त्या वेळा स्वतःच्या नोंदीत जशाच्या तशा सापडल्या, तर त्याचे अर्धे काम तुम्ही केलेले असते. बऱ्याच कंपन्यांत सपोर्टच्या हातात महिन्याला ठरावीक सवलती असतात. त्या बहुधा नीट लिहिलेल्या तिकिटांना मिळतात, आणि इव्हेंट चालू असतानाच मिळतात. तुमच्या कॅलेंडरचे अजून काही दिवस बाकी आहेत, म्हणून आजच लिहा.